मीटरला भिंतीचा रंग कळत नाही

जुन्या गोव्यात रस्त्याच्या एका बाजूला बॉम जेझसची बॅसिलिका, दुसऱ्या बाजूला से कॅथेड्रल. बॅसिलिकेचा गिलावा गेल्या शतकात काढला, म्हणून तिचे चिरे उघडे दिसतात, कॅथेड्रल पांढरंशुभ्र. दोन्ही भिंतींवर सारखंच ऊन आहे असं धरा. कॅमेऱ्याची चौकट आधी नुसत्या चिऱ्यांनी भरा, मग नुसत्या पांढऱ्या भिंतीनं. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ ८. उदाहरणादाखल आकडे घेऊ: चिऱ्यांसाठी कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर १/२५० सेकंदाचा शटर सुचवेल, पांढऱ्या भिंतीसाठी १/१०००. ऊन एकच, उत्तरं दोन, आणि दोन्ही चुकीची! पहिल्या फोटोत चिरे फिकुटतील, दुसऱ्यात चुना पावसाळी आभाळासारखा मळकट येईल. खरं उत्तर १/४०० ते १/५०० च्या दरम्यान आहे आणि ते दोन्ही भिंतींना चालतं.

कारण कॅमेऱ्यातलं मीटर वस्तूवर पडणारा प्रकाश मोजत नाही, वस्तूवरून परतलेला मोजतं. आणि जे मोजलं ते मध्यम करडं आहे असं धरून चालतं. म्हणून पांढऱ्याला एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) वाढवायचा, गडदाला कमी करायचा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण त्यासाठीच आहे.

मोजण्याची पद्धत, म्हणजे मीटरिंग मोड, बदलला तरी हा करडा हिशेब सुटत नाही. चौकटीतला कुठला भाग मोजायचा, तेवढंच बदलतं. आज मला सर्वांत कळकळीनं सांगायचंय ते हेच. सेंटर-वेटेड मधल्या भागाला जास्त महत्त्व देतं. चौकट अनेक भागांत वाटून मोजणारी मॅट्रिक्स पद्धत निकॉनच्या एफए कॅमेऱ्यात १९८३ साली आली, तेव्हा चौकटीचे पाचच भाग होते. आजचे कॅमेरे चेहरा, रंग, फोकस पाहून बराच चांगला अंदाज बांधतात. फिरताना मी तेच ठेवतो.

तिसऱ्या, स्पॉट मोडची खरी गरज जत्रेतल्या नाटकाला. मागे काळा पडदा, मध्ये रंगवलेला चेहरा, त्यावर झगझगीत दिवा. मॅट्रिक्स पडद्याला भुलतं आणि चेहरा पांढरा फटक होतो. स्पॉट चौकटीचा जेमतेम दोन-चार टक्के भाग मोजतो, म्हणून तो गालावर धरा, रीडिंग लॉक करा, मग चौकट जुळवा. गहूवर्णी गालाला बहुधा काही बदलावं लागत नाही. जाड गोऱ्या रंगाला एक स्टॉप वाढवा. एक लक्षात ठेवा: निकॉनवर स्पॉट सहसा फोकस बिंदूबरोबर सरकतो, कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत तो मधोमधच राहतो. आपला कॅमेरा कसा वागतो ते घरीच पाहून या, रंगमंचासमोर नव्हे.

आणि हायलाइट अलर्ट सुरू ठेवा, म्हणजे फोटोत पार पांढरा पडलेला भाग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लुकलुकतो. उपरण्याची जरीची किनार लुकलुकली तर चालेल. कपाळ आणि नाक लुकलुकायला लागलं, की लगेच एक तृतीयांश स्टॉप उतरवा, पुढचा प्रवेश सुरू व्हायच्या आत.