वीस तारखेनंतरचे दहा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मुलांशी पैशाविषयी बोलायची वेळ आली की वडीलधारी माणसं ठरलेली रेकॉर्ड लावतात. चहा कमी प्या, बाहेरचं मागवू नका, चांगला चालणारा मोबाइल कशाला बदललात. बँकेत कर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. चहा पिऊन कर्जबाजारी झालेला मुलगा काही मला भेटला नाही. भेटले ते वीस तारखेला अडकलेले. पैसे एक तारखेला येतात, वीसच्या आसपास संपतात, आणि पुढचे दहा दिवस ढकलायला जो उपाय पटकन हाताशी येतो, तोच सगळ्यात महाग पडतो. आज बोलायचंय ते या दहा दिवसांबद्दल.

आधी ते तयार कसे होतात ते बघू. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन, राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एखादा मुलगा घ्या. समजा, त्याला घरून दहा हजार येतात. कॉटचे साडेतीन हजार, मेसचे तीन हजार, अभ्यासिकेचे हजार. पाच तारखेच्या आत साडेसात हजार गेले. उरले अडीच हजार आणि दिवस पंचवीस, म्हणजे रोजचे शंभर. पण मोबाइलवर शिल्लक दिसते ती अडीच हजार. अडीच हजार खिशात असताना शंभराच्या हिशेबाने कोणी वागत नाही, मीही वागले नसते. मग अप्पा बळवंत चौकात एक चक्कर होते, दोन पुस्तकं आणि चालू घडामोडींचं मासिक घेतलं जातं, तेवढ्यात कुठल्यातरी परीक्षेचा फॉर्म निघतो, त्याची फी भरावी लागते. यात उधळपट्टी कुठे आहे सांगा. तरी वीस तारखेला खातं कोरडं.

मेसचा हिशेब तर बहुतेकांचा चुकतोच. महिन्याचे पैसे आगाऊ घेतलेले असतात. गावी गेलात तर मेसवाल्या काकू खाडा धरतात, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करतात, पण आदल्या दिवशी सांगितलं तर, आणि बऱ्याच ठिकाणी सलग तीन-चार दिवस असतील तरच. शनिवारी रात्री मित्रांबरोबर बाहेर जेवलात तर तो खाडा नाही. मुलं हॉटेलच्या बिलाचे दीडशे रुपये मोजतात आणि मेसमध्ये बुडालेल्या ताटाचे पन्नास विसरतात. महिन्यातून आठ वेळा बाहेर जेवणाऱ्याचे चारशे रुपये असे कुठे गेले ते त्याला कळतही नाही. मेस लावतानाच खाड्याचा नियम विचारून घ्या. वारंवार बाहेर जेवणार असाल तर एक वेळची मेस लावा, संध्याकाळचं तुमचं तुम्ही बघा.

मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या मुलांची अडचण आणखी वेगळी असते. शेतकऱ्याच्या घरात पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या सुमारास, उसाचं बिल ऊस कारखान्याला गेल्यावर हप्त्याहप्त्याने. पुण्यातला खर्च मात्र दर महिन्याच्या एक तारखेला उभा. मधल्या काळात वडील कोणाकडून तरी हातउसने घेऊन पाठवतात आणि मुलाला ते सांगत नाहीत. अशा घरात एक बदल करून बघा. माल विकला गेला की लगेच, बाकीचे खर्च त्या पैशावर तुटून पडायच्या आत, मुलाचे पुढच्या चार-सहा महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात टाका. दर महिन्याला ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला मुलाच्या खात्यात जाईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बँकेत देता येते. एकदा फॉर्म भरला की काम झालं. हे बोलणं मुलानेच काढावं. बाप आपणहून काढणार नाही.

आता या दहा दिवसांवर कमाई कोणाची होते ते ऐका.

पहिलं, झटपट कर्ज देणारी अ‍ॅप्स. समजा, तुम्ही महिन्याभरासाठी दहा हजार घेतले. प्रोसेसिंग फी पाचशे, तिच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे नव्वद. ही रक्कम आधीच कापून हातात आले ९,४१०. महिन्याने तीन टक्के व्याजासह परत केले १०,३००. म्हणजे ९,४१० रुपये महिनाभर वापरायची किंमत पडली ८९० रुपये. महिन्याला साडेनऊ टक्के, वर्षाच्या हिशेबाने ११३ टक्क्यांच्या घरात. जाहिरातीत मात्र ‘फक्त तीन टक्के’ असतं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम आणले. फी-बी धरून वार्षिक खर्च किती टक्के पडतो तो आकडा कर्ज देण्याआधी दाखवायलाच हवा, आणि तो कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा. कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची मुदत असते. तेवढ्यात मन बदललं तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, प्रोसेसिंग फी मात्र ते ठेवून घेऊ शकतात. तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो बघायची परवानगी अ‍ॅपला मागता येत नाही. जे अ‍ॅप मागतं, ते तिथल्या तिथे काढून टाका. पुढे हप्ता चुकला की तेच नंबर वापरून तुमच्या मामाला आणि कॉलेजच्या मैत्रिणींना फोन जातात.

दुसरं, क्रेडिट कार्ड. कार्डाशी माझं वैर नाही. पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला ते चांगलं आहे. घोटाळा होतो तो बिलावरच्या ‘किमान देय रक्कम’ या ओळीने. वीस हजार थकलेत, किमान रक्कम हजार रुपये लिहिली आहे, मुलगा हजार भरतो आणि निर्धास्त होतो. महिन्याला साडेतीन टक्के दराने वीस हजारांवर व्याज सातशे, त्यावर जीएसटी १२६, झाले ८२६. म्हणजे भरलेल्या हजारातून कर्ज फिटलं ते १७४ रुपयांचं. शिवाय बिल थकलेलं असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. ही बेरीज-वजाबाकी मी कितीतरी इंजिनिअर मुलांना कागदावर करून दाखवली आहे. गणित सगळ्यांना येत होतं, मांडून कोणीच बघितलं नव्हतं.

तिसरा मार्ग मला सगळ्यात काळजीचा वाटतो. ‘तुझं खातं महिनाभर वापरू दे, पाच हजार देतो,’ असं कोणीतरी सांगतं. कधी तो सिनिअर असतो, कधी टेलिग्रामवरचा कोणी. काम काहीच नाही, फक्त पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम द्यायचं. त्या खात्यातून जातो तो कोणातरी म्हाताऱ्या माणसाचा लुबाडलेला पैसा. तक्रार झाली की पहिलं गोठतं ते तुमचं खातं, आणि पोलिसांची नोटीस येते ती परराज्यातून, तुमच्या नावाने. खातं भाड्याने देणारा गुन्ह्यात साथीदार धरला जातो. ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथे चालत नाही. उलट तुमचेच पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर त्याच क्षणी फोन करा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आला तर आला.

आणि मग शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे भाव चढेल की उतरेल यावर ठरावीक मुदतीचा सौदा. खिशातली तूट भरून काढायला दोन हजार घेऊन त्यात उतरणारे हॉस्टेलवर दर मजल्याला सापडतील. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स या मुदतीच्या सौद्यांत व्यवहार करणाऱ्या १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. त्यात तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. कोणी क्लास लावायचा आग्रह केला तर त्याला एवढंच विचारा, की उरलेल्या सातांत तू आहेस का, असशील तर फी कशाला घेतोस?

आता उपायाकडे वळू. आपल्या मुलाचे रोजचे शंभर होते, म्हणजे दहा दिवसांचा खड्डा फक्त हजार रुपयांचा आहे. या हजारासाठी माणसं ११३ टक्के मोजतात. तेव्हा म्युच्युअल फंड, एसआयपी हे सगळं नंतर. पहिलं काम म्हणजे खात्यात कायमचे हजार रुपये ठेवायचे, ज्यांना हात लावायचा नाही. ते महिन्याच्या खर्चातून काटून जमवायला गेलात तर फार वेळ लागेल. एकरकमी काहीतरी येतं तेव्हा ते बाजूला काढा. भाऊबिजेची ओवाळणी, शिष्यवृत्ती, जुन्या खोलीचं परत आलेलं डिपॉझिट. विद्यापीठात आणि बऱ्याच कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ योजना आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली. तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात. रक्कम मोठी नसते, पण हा खड्डा बुजायला पुरते. शिष्यवृत्तीचा हप्ता मात्र येईल तेव्हा आला असं धरा, त्याच्या भरवशावर खोलीचं भाडं ठरवू नका.

हजार जमले की पुढचा टप्पा एका महिन्याच्या पूर्ण खर्चाचा. तो गाठला की या महिन्यात आलेले पैसे पुढच्या महिन्यात खर्च करायचे. घरून पैसे एक तारखेऐवजी आठ तारखेला आले तरी तुमचं काही अडत नाही. हे साधायला वर्ष लागेल, कोणाला दोन लागतील.

रोजच्या खर्चासाठी मी मुलांना यूपीआय लाइट वापरायला सांगते. दुकानदाराचा तोच क्यूआर कोड, पण पैसे खात्यातून न जाता फोनमधल्या छोट्या पाकिटातून जातात. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत देता येतात. दर सोमवारी आठवड्याचे सातशे टाका. संपत आले की आपोआप भरण्याची सोय त्यात असते, ती आठवणीने बंद ठेवा, नाहीतर सगळा बेत फुकट. शुक्रवारी पाकीट रिकामं झालं तर आठवडा बिघडेल, महिना बिघडणार नाही. पासबुकातही चहा-वडापावच्या चाळीस ओळींऐवजी सोमवारची एकच ओळ येते, हिशेब बघायला बरा.

साठवलेले पैसे ठेवायचे कुठे? साधं बचत खातं किंवा बँकेतली वर्षभराची आवर्ती ठेव. पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून आहे आणि चांगलीही आहे, पण ती पाच वर्षांची. वीस तारखेला उपयोगी पडणारा पैसा तिथे नको. गल्लीतली पतसंस्था एखादा टक्का जास्त देते म्हणून मोह होतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, तेव्हा या विम्याची किंमत पुणेकरांना चांगलीच कळली.

हिंजवडीत, खराडीत नोकरीला लागलेल्यांना वाटत असेल की हे सगळं विद्यार्थ्यांचं चाललंय. पगार वाढला की खड्डाही वाढतो, एवढाच फरक. पगार एकतीस तारखेला, गाडीचा हप्ता पाचला, कार्डाचं बिल अठराला. कार्डाच्या बिलाची तारीख किमान एकदा बदलून घ्यायचा हक्क रिझर्व्ह बँकेने तुम्हाला दिला आहे. पगारानंतर तीन-चार दिवसांत बिल भरायची तारीख येईल अशी ती बदलून घ्या. एका फोनचं काम आहे, पण करत कोणी नाही. नोकरी बदलताना दोन गोष्टी बघा. पगार येणं थांबलं की सॅलरी खातं साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक नसली तर दंड लागू शकतो. आणि पीएफ काढून घेऊ नका, नव्या कंपनीत वर्ग करा. ट्रिपला जायला पीएफ मोडणाऱ्यांना मी काय सांगणार!

शेवटचं, या दहा दिवसांची नोंद मागे राहते त्याविषयी. दोन हजारांचं ‘आधी घ्या, नंतर भरा’ खरेदीचं देणं थकलं तरी बहुतेक वेळा ते क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, लागतं आणि चार वर्षांनी घराच्या कर्जाच्या वेळी समोर येतं. पतमापन करणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तो मागवा, आणि आपण न घेतलेलं एखादं कर्ज त्यात आपल्या नावावर दिसतंय का ते बघा. पॅन आणि आधारच्या झेरॉक्स आपण सिम घेताना, खोली घेताना सगळीकडे वाटत असतो, त्यामुळे असं सापडू शकतं. सापडलं तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, असा नियम २०२४ पासून लागू आहे. तक्रारीचा क्रमांक तेवढा लिहून ठेवा. नमस्कार.