मालवणच्या पडवीत स्टार ट्रेक

(पडद्यावर कॉमिकचं एक पान. काळं अवकाश, मधोमध पांढरं जहाज, मागून निघणाऱ्या ज्वाळा.)

हे एंटरप्राइज. स्टार ट्रेक या अमेरिकन टीव्ही मालिकेतलं अवकाशजहाज. नीट पाहा, मागच्या दोन लांब नळ्यांमधून आगीचे लोट निघतायत. मालिका पाहिलेला कुणीही सांगेल की एंटरप्राइज असं कधीच उडालं नाही. हे जहाज स्वतःभोवतीचं अवकाशच वाकवतं आणि पुढे जातं. मग ही आग कुठून आली?

(चिवला किनारा. पाऊस. झापांनी झाकलेल्या होड्या.)

मालवण. जुलै महिना. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे एरवी पहाटे समुद्रात असणारी माणसं या दिवसांत घरी सापडतात. किनाऱ्यापासून थोडं आत, एका चिरेबंदी घराच्या पडवीत दुपारची बैठक भरली आहे. मध्ये पत्र्याची पेटी, पेटीत वेखंडाच्या कांड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेली जुनी अमेरिकन कॉमिक्स. घराचे मालक आयुष्यभर मालवाहू बोटींवर इंजिन रूममध्ये होते. बोट बंदराला लागली की बाकीचे बाजारात जायचे, हे जुन्या पुस्तकांची दुकानं शोधायचे. लहानपणी मराठी इंद्रजालमधल्या वेताळावर पोसलेला माणूस, त्यामुळे चित्रांची गोष्ट दिसली की पाय थांबायचाच.

मालिका त्यांनी पाहिली ती ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, सुट्टीत मुंबईला चुलत्यांकडे. कॉमिक्स नंतर हाती आली. आणि पहिल्याच पानावर ही आग.

गोल्ड की या अमेरिकन प्रकाशनाने १९६७ मध्ये स्टार ट्रेकची कॉमिक्स सुरू केली. किंमत १२ सेंट. चित्रकार मात्र इटलीचे होते. आधी नेव्हिओ झेक्कारा, मग अल्बेर्तो जोलित्ती. जोलित्तींनी मालिका पाहिलेलीच नव्हती. समोर होती ती प्रसिद्धीची छायाचित्रं. छायाचित्रात जहाज स्थिर असतं, ते चालतं कसं हे कुठून कळणार? अवकाशात जातंय म्हणजे रॉकेट, आणि रॉकेट म्हणजे आग. हाताशी होतं त्यावरून त्यांनी जहाज चालवलं.

पडवीतल्या एका ट्रॉलर ड्रायव्हरला ही सबब अजिबात मान्य नाही. इंजिन माहीत नसेल तर इंजिन काढू नये, असं त्याचं म्हणणं. मालकांचं उत्तर शांत असतं: रेषा बघ. खडक बघ, झाडं बघ, माणसांचे चेहरे बघ. आम्हीही ती पानं जवळून पाहिली. मालकांचंच खरं आहे. जोलित्तींच्या परग्रहांवर जी दाट रानं आहेत, ती मालिकेच्या स्टुडिओतल्या सेटला कधी जमली नसती.

चित्रांपेक्षा गंभीर वाद आहे तो गोष्टीचा. पहिल्याच अंकात एंटरप्राइज एका ग्रहाजवळ येतं. तिथल्या वनस्पती माणसं खातात. शेवटी जहाज वरून मारा करून त्या ग्रहावरचं वनस्पतीजीवन नष्ट करतं. परक्या जीवांना आधी समजून घ्यायला निघालेली ही मंडळी, आणि त्यांच्या हातून हे? चित्रकला शिकणारी एक मुलगी हा अंक स्टार ट्रेक मानायलाच तयार नाही. तिच्याशी त्या दुपारी कुणी फार वाद घातला नाही.

तरीही गोल्ड कीला एवढ्यावर निकालात काढता येत नाही. मालिका १९६९ मध्ये ७९ भागांनंतर बंद पडली. पहिला चित्रपट आला १९७९ च्या डिसेंबरात. मधल्या दहा वर्षांत २२ भागांची एक कार्टून मालिका येऊन गेली, आणि चालू राहिली ही कॉमिक्स. तब्बल ६१ अंक. जहाजाचा कप्तान कर्क आणि त्याचा परग्रहावरचा मित्र स्पॉक आता काय करत असतील, असं ज्या मुलाला वाटायचं त्याच्यासाठी नवी गोष्ट नेमाने येत होती ती इथेच. चुकीच्या आगीसकट.

(पेटीतून वेगळा गठ्ठा निघतो. सगळे पुढे सरकतात.)

पडवीत खरी रंगत येते ती आत्ता. डीसी कॉमिक्स या दुसऱ्या अमेरिकन प्रकाशनाची स्टार ट्रेक, १९८४.

१९८२ च्या दुसऱ्या चित्रपटात स्पॉक मेला होता. डीसीची मालिका तिथूनच सुरू झाली, म्हणजे स्पॉकशिवाय. लेखक माइक बार, चित्रकार टॉम सटन. जेमतेम काही अंक निघाले, तोवर जूनमध्ये तिसरा चित्रपट आला. त्यात स्पॉक परतला, पण आठवण अर्धवट. एंटरप्राइज मात्र नष्ट झालं. पडवीत हा प्रसंग एका वाक्यात सांगतात: "स्पॉक मेलो होतो तो परत इलो, आणि जहाज गेला!"

आता कॉमिकच्या लेखकाने काय करावं? नायकाला जहाज नाही आणि अंक तर दर महिन्याला हवा. बार यांनी आरशापलीकडच्या दुष्ट विश्वाची लांबलचक कथा रचली आणि तिच्या शेवटी कर्कच्या हाती एक्सेल्सिअर हे नवंकोरं जहाज दिलं. पुढे स्पॉकलाही स्वतंत्र जहाज मिळालं, सुराक. दोन मित्र, दोन जहाजं. असं पडद्यावर कधी घडलंच नव्हतं.

मग १९८६ चा चौथा चित्रपट. तो सुरू होतो तिसरा संपला तिथूनच: सगळे स्पॉकच्या व्हल्कन ग्रहावर, क्लिंगॉन या शत्रूंच्या पकडलेल्या जहाजासह. म्हणजे कॉमिकमधलं सगळं काही आवरून प्रत्येकाला मूळ जागी आणून उभं करणं आलं. बार यांच्यानंतरच्या लेखकांनी ते केलंही. स्पॉक आजारी पडून व्हल्कनला गेला, कर्ककडून एक्सेल्सिअर सुटलं.

मुलीला ही ओढाताण वाटते. दशावतारात पायपेटी वाजवणारे एक काका मात्र हे अंक फार मानतात. त्यांच्या नाटकात आख्यान ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात. समोरचा नट अचानक भलतंच बोलला, तरी ते सांभाळून पहाटेपर्यंत कथा ठरल्या जागी आणायचीच असते. या कॉमिक्सच्या लेखकांनी तेच केलं, असं काका सांगतात, तेव्हा त्यांचा आवाज चढलेला असतो.

आम्ही काकांच्या बाजूचे. चित्रपटाने पुसलं म्हणून त्या अंकांमधली मैत्री वाया जात नाही. स्वतःच्या जहाजाचा कप्तान झालेला स्पॉक वाचकाने पाहिलाय. तो खोटा कसा ठरवायचा?

तेवढ्यात ड्रायव्हर १९९१ चा सहावा चित्रपट मध्ये आणतो. त्यात एक्सेल्सिअरचा कप्तान आहे सुलू. इतकी वर्षं एंटरप्राइजवर दुसऱ्याच्या हुकुमाने सुकाणू धरलेला सुलू. मग एक्सेल्सिअर कोणाचं म्हणायचं, कर्कचं की त्याचं? मालक म्हणतात, कर्कचं, आधी त्याला मिळालं. मुलगी आणि ड्रायव्हर दिवसात पहिल्यांदाच एका बाजूला येतात: सुलूचं. पायपेटीवाले काका दोन्ही बाजूंना थांबवतात आणि पेटीतून कर्कला एक्सेल्सिअर मिळालं तो अंक काढायला सांगतात.