ओल्ड पेक्युलिअर: बाटली आधी फ्रिजबाहेर काढा

मंडळी, सुरुवातीलाच सांगतो, बाटल्या आत्ताच फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवा, उघडू नका, तोवर आपण बोलू. आपल्याला बिअर म्हटलं की ग्लासला घाम फुटलेला हवा, उन्हाळ्यात ठीकच आहे ते, पण ही ओल्ड पेक्युलिअर म्हणजे थंडीतली एल, बिअरचाच एक प्रकार, इंग्लंडातल्या उत्तर यॉर्कशायरमधल्या मॅशम गावची, तिकडे डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो, बाहेरून गारठून आलेला माणूस शेकोटीजवळ बसून ही पितो, त्याला बर्फासारखी गार देऊन काय करायचंय?

नाव बघा. इंग्रजीत Peculier लिहितात, स्पेलिंग चुकलंय असं वाटतं, ए च्या जागी ई, पण ते बरोबर आहे. मध्ययुगात मॅशमला यॉर्कच्या आर्चबिशपच्या अधिकारातून मोकळीक मिळाली आणि गावाचं स्वतःचं चर्चचं कोर्ट झालं, त्याला पेक्युलिअर म्हणायचे. दारू पिऊन दंगा, शिवीगाळ, चर्चला दांडी, असली प्रकरणं तिथे यायची, आणि लेबलवर त्याच कोर्टाची मोहोर आहे! थीकस्टन घराण्याची ही ब्रुअरी 1827 ची, मध्ये मोठ्या कंपन्यांच्या हातात गेली होती, 2003 साली घरच्यांनी परत घेतली, मला याचं फार कौतुक वाटतं.

आता चव. ग्लास तिरका धरून हळू ओता आणि दिव्यासमोर धरा, काळी दिसते ना, पण कडेला लालसर माणकासारखी चमक येते. मग आधी वास घ्या. गुऱ्हाळावर काकवी उतरवतात तेव्हा कढईजवळ जो वास येतो ना, तो मला इथे पहिल्यांदा आला तेव्हा मी ग्लास खालीच ठेवला, परत उचलला, परत वास घेतला. मागून खजूर, मनुका, थोडं करपट भाजलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं धान्य. घोट घेतला की आधी गोड लागते, तोंडात दाटपणा जाणवतो, आणि शेवटी फगल जातीच्या हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा, मातकट कडूपणा येऊन ती गोडी आवरतो, म्हणूनच दुसरा घोट घ्यावासा वाटतो. 5.6 टक्के अल्कोहोल आहे, घटाघटा नाही प्यायची.

मी एकदा एकच बाटली अर्धी थेट फ्रिजमधली आणि अर्धी वीसेक मिनिटांनी अशी प्यायलो. पहिली अर्धी नुसती पातळ आणि कडू, काकवीचा पत्ताच नाही, जीभच बधिर झालेली, मग चव कुठून कळणार. बारा-तेरा डिग्रीला, म्हणजे तळघरात असते तेवढीच गार, ही खरी खुलते.

सोबत चकली-शेंगदाणे नकोत, मीठ-तिखटाने सगळं झाकून जातं. यॉर्कशायरचे लोक फ्रूट केकच्या तुकड्यावर वेन्स्लीडेल चीज ठेवून खातात, ऐकायला विचित्र वाटतं पण त्या आंबटसर, भुसभुशीत चीजवर हा घोट घेऊन बघाच.

चला, आता बाटलीला हात लावा. गार लागतेय पण बोटांना झोंबत नाहीये? मग उघडा.