कोणतं कार्ड चालेल?

(पडद्यावर: मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं. खेचराच्या गाडीच्या चाकांचा आवाज.)

1940 च्या आसपासची गोष्ट. अमेरिकेच्या आग्नेय भागातलं नॉर्थ कॅरोलायना राज्य. फ्रँकलिन कौंटीतली (कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) एक कृष्णवर्णीय तरुणी खेचराच्या गाडीत बसून लुईसबर्गच्या कचेरीकडे निघाली आहे. वाट दोन तासांची. मतदार यादीत नाव घालायचं, एवढंच काम.

कचेरीत तीन गोरे अंमलदार बसलेत. ते तिला सांगतात, सरळ उभी राहा, हात खाली, आणि देशाच्या राज्यघटनेची प्रास्ताविका तोंडपाठ म्हणून दाखव. ती म्हणते. सगळी म्हणते, न अडखळता. मग कुठे तिचं नाव नोंदवून घेतलं जातं.

तिचं नाव रोझानेल ईटन. पुढे त्यांनी आयुष्यभर मतदान केलं, आणि गावागावांतून हजारो लोकांची नावं यादीत घालून घेतली. नव्वदी ओलांडल्यावर त्याच राज्यानं त्यांची पुन्हा परीक्षा घ्यायचं ठरवलं. या वेळी पाठांतर नको होतं. फोटो असलेलं ओळखपत्र हवं होतं, आणि त्यावरचं नाव मतदार यादीतल्या नावाशी जुळायला हवं होतं. ते जुळत नव्हतं.

ज्यांच्या आईचं आधारवर एक नाव, बँकेच्या पासबुकात दुसरं आणि यादीत माहेरचं तिसरंच आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. वाहन परवाना, बँक, सामाजिक सुरक्षा कार्यालय, पुन्हा वाहन परवाना. गाडीनं मैलोन् मैल, फेरीवर फेरी. वय वर्षं नव्वदच्या पुढे.

(पडद्यावर: मुंबईतल्या एका मतदान केंद्राबाहेरची रांग, हातात मतदार ओळखपत्रं.)

तुमच्या मनात आलेला प्रश्न आम्हालाही पडला होता. ओळखपत्र दाखवायचं, यात वावगं काय? आपल्याकडे 1993 पासून फोटोचं मतदार ओळखपत्र आहे. शेषन यांनी ते आणलं, तेव्हा बोगस मतदानाला चाप बसेल म्हणून आपण त्याचं स्वागतच केलं.

फरक कार्ड कुठून येतं, यात आहे. आपल्याकडे निवडणूक आयोग स्वतः ते देतो. ते हरवलं तर आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, यांतलं काहीही चालतं. अमेरिकेत सगळ्या नागरिकांकडे असेल असं एकही राष्ट्रीय ओळखपत्र नाही. तिथं ओळखपत्र म्हणजे बहुतेक वेळा गाडीचं लायसन्स. ज्याच्याकडे गाडी नाही, जो म्हातारा झाला आणि गाडी चालवणं सोडलं, ज्याचा जन्म घरात सुइणीच्या हातून झाला आणि जन्माचा दाखला धड नाही, त्याच्याकडे ते नसतं. आणि कोणतं कार्ड चालेल, हे ठरवतं राज्याचं विधिमंडळ. म्हणजे जे निवडून आले आहेत आणि ज्यांना पुन्हा निवडून यायचं आहे, ते.

(पडद्यावर: रॅलेची विधिमंडळाची इमारत. पांढरे खांब, लाल गालिचा, पितळी दारं.)

राजधानी रॅले. जोन्स स्ट्रीटवरची ही इमारत 1963 साली उघडली. वास्तुरचनाकार एडवर्ड ड्युरेल स्टोन. दिल्लीत चाणक्यपुरीतला अमेरिकेचा दूतावास त्यांनीच उभारला. तो पाहिलेल्या माणसाला हे खांब ओळखीचे वाटतील. या शहराच्या आसपास, केरी आणि मॉरिसव्हिल भागात, आज कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. गणपती बसवतात, मुलांना शाळेत सोडतात आणि नागरिकत्व मिळालं की मतदानाला जातात. तेव्हा ही लढाई आपल्या नातेवाइकांच्या गल्लीतलीसुद्धा आहे.

2010 च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षानं शंभराहून अधिक वर्षांनी इथली दोन्ही सभागृहं, प्रतिनिधीगृह आणि सिनेट, एकाच वेळी जिंकली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ओळखपत्राचं विधेयक मंजूर केलं. इथला गव्हर्नर थेट लोकांतून निवडून येतो, आपल्या मुख्यमंत्र्यांसारखं त्याचं वजन असतं. तेव्हाच्या गव्हर्नर बेव्ह पर्ड्यू डेमोक्रॅट होत्या. त्यांनी नकाराधिकार वापरला आणि विषय तिथंच थांबला.

2013 मध्ये मात्र गव्हर्नरही रिपब्लिकन, पॅट मॅक्रोरी. एप्रिलमध्ये प्रतिनिधीगृहानं नवं विधेयक मंजूर केलं, हाऊस बिल 589. हा मसुदा तसा सौम्य होता. सरकारी संस्थांनी दिलेली बरीचशी ओळखपत्रं त्यात चालणार होती, मुदत संपलेली काही कार्डंसुद्धा. काही डेमोक्रॅट सदस्यांनीही बाजूनं मत दिलं. विधेयक सिनेटकडे गेलं आणि पडून राहिलं.

ते कशाची वाट पाहत होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

1900 साली या राज्यानं आपल्या घटनेत दुरुस्ती करून मतदारासाठी साक्षरतेची परीक्षा घातली. निरक्षर गोऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून पळवाटही ठेवली: 1867 च्या आरंभापूर्वी ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मताधिकार होता, त्याला परीक्षा माफ. त्या तारखेआधी बहुतेक कृष्णवर्णीयांच्या आजोबांना मताधिकार असण्याचा प्रश्नच नव्हता. दुरुस्तीत वंशाचा उल्लेख एका शब्दानंही नाही, आणि तरी काही वर्षांत कृष्णवर्णीय मतदार याद्यांमधून जवळपास पुसले गेले. 1965 चा मताधिकार कायदा आला तेव्हा अशा राज्यांवर एक लगाम घातला गेला. नॉर्थ कॅरोलायनाच्या 100 पैकी 40 कौंट्यांना मतदानाचा कोणताही नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यावी लागे.

25 जून 2013 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शेल्बी कौंटी खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी तो लगाम काढून टाकला. लगेच राज्याच्या सिनेटमधल्या नियम समितीचे अध्यक्ष टॉम अपोडाका यांनी सांगितलं, की आता आपल्याला पूर्ण विधेयक पुढे नेता येईल.

आणि विधेयक फुगलं. 57 पानांचं झालं. ओळखपत्रांच्या यादीतून विद्यार्थ्यांची कार्डं गेली, सरकारी नोकरांची गेली, सरकारी मदत घेणाऱ्यांची गेली. लायसन्स, पासपोर्ट, लष्करी कार्ड अशी मोजकी राहिली. आगाऊ मतदानाचे 17 दिवस होते, त्यांचे 10 झाले. त्याच दिवशी नाव नोंदवून मत देण्याची सोय बंद. चुकीच्या केंद्रावर गेलेल्याचं मत मोजणं बंद. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची पूर्वनोंदणी बंद. आगाऊ मतदानातल्या दोन रविवारांपैकी एक गेला. कृष्णवर्णीयांची चर्चेस रविवारी प्रार्थना झाली की बस भरून लोकांना मतदानाला नेत असत, तो हा रविवार.

(पडद्यावर: सभागृहाची गॅलरी, भिंतीवरचं घड्याळ.)

25 जुलै 2013. न्यायालयाच्या निकालाला बरोबर एक महिना झालेला. सिनेटमध्ये 33 विरुद्ध 14. त्याच रात्री प्रतिनिधीगृहात 73 विरुद्ध 41. डरमचे मिकी मिशो त्या रात्री बोलायला उभे राहिले. नागरी हक्कांच्या चळवळीतून आलेला, केस पांढरे झालेला माणूस. ही 57 पानं नरकाच्या रस्त्यांवर कायमची गाडून टाका, असं ते म्हणाले. रेकॉर्डिंग ऐकताना त्यांचा आवाज कुठे कापतो ते कळतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी रस्त्यावर उतरलो, ती आपल्या डोळ्यांसमोर मतदानानं काढून घेतली जाते आहे, हे त्या आवाजात आहे. गॅलरीतल्या माणसाला तेव्हा काही करता येत नाही. फलकावरचे हिरवे-लाल दिवे मोजायचे.

बाहेर रस्त्यावर मात्र लोक होते. पाद्री विल्यम बार्बर यांच्या पुढाकारानं एप्रिलपासून दर सोमवारी विधिमंडळात शांततेनं सत्याग्रह चालू होता, त्याला लोक 'मॉरल मंडे' म्हणत. त्या उन्हाळ्यात 900 हून अधिक माणसांनी स्वतःला अटक करून घेतली. त्यांत रोझानेल ईटनही होत्या, वय 92.

आता रिपब्लिकनांची बाजू. ती मनापासून ऐकली पाहिजे, कारण ती मानणारे लोक थोडे नाहीत. त्यांचं म्हणणं असं: विमानात बसायला, औषध घ्यायला, बँकेत खातं उघडायला कार्ड लागतं, तर मताला का नको? निवडणुकीवर विश्वास बसायचा तर शंकेला जागा नको. 2005 साली माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहअध्यक्षतेखालच्या आयोगानंही फोटो ओळखपत्राची शिफारस केली होती. मात्र सरकारनं लोकांपर्यंत जाऊन ते फुकट द्यावं, हीसुद्धा त्याच शिफारशीची अट होती.

आम्हाला हा युक्तिवाद पोकळ वाटत नाही. पण मग तो त्यांच्याच कायद्याला लावून पाहावा लागतो. कार्ड दाखवून एकच गैरप्रकार थांबतो: दुसऱ्याच्या नावावर केंद्रात येऊन मत देणं. 2016 च्या निवडणुकीनंतर राज्याच्या निवडणूक मंडळानं तपासणी केली. सुमारे 48 लाख मतांपैकी अपात्र मतदारांची 508 मतं सापडली. बहुतेक शिक्षा भोगत असलेल्या गुन्हेगारांची. दुसऱ्याच्या नावावर मत दिल्याची प्रकरणं दोन, त्यातलं एक टपालानं.

आणि टपाली मतांना 2013 च्या त्या कायद्यानं फोटो ओळखपत्रातून सूट दिली होती. टपालानं मत देणाऱ्यांत गोऱ्यांचं प्रमाण अधिक. गंमत म्हणून सांगत नाही, हे फार गंभीर आहे: 2018 मध्ये याच राज्यात, अमेरिकेच्या संसदेच्या नवव्या मतदारसंघात, खरीखुरी लबाडी उघडकीला आली. रिपब्लिकन उमेदवारासाठी काम करणाऱ्या एका माणसाची टोळी घरोघर जाऊन टपाली मतपत्रिका गोळा करत होती. निकाल रद्द झाला, निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. जिथं चोरी होत होती ते दार उघडं होतं.

(पडद्यावर: रिचमंडमधलं संघीय अपील न्यायालय.)

29 जुलै 2016. चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयानं कायद्यातल्या या मुख्य तरतुदी रद्द केल्या. निकालपत्रातला एक भाग वाचताना आम्ही थांबलो. विधेयक वाढवण्याआधी विधिमंडळानं आकडेवारी मागवली होती. मतदानाची कोणती सोय कोणत्या वंशाचे लोक किती वापरतात, त्याची. ती हातात आल्यावर कृष्णवर्णीयांकडे असणारी ओळखपत्रं यादीतून काढली गेली आणि ते अधिक वापरत असलेल्या सोयी बंद केल्या गेल्या. न्यायालयाचे शब्द असे, की या तरतुदी कृष्णवर्णीयांना 'जवळपास शस्त्रक्रियेच्या अचूकतेनं' लक्ष्य करतात.

1900 च्या दुरुस्तीत वंशाचा उल्लेख नव्हता. 2013 च्या 57 पानांतही नव्हता.

त्या नोव्हेंबरात मॅक्रोरी सुमारे 10 हजार मतांनी हरले आणि डेमोक्रॅट रॉय कूपर गव्हर्नर झाले. पण विधिमंडळ रिपब्लिकनांकडेच होतं, आणि आता ते थेट लोकांकडे गेले. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्याच्या घटनेत ओळखपत्राची अट घालण्याची दुरुस्ती मतपत्रिकेवर होती. 55 टक्क्यांहून अधिक लोकांनी हो म्हटलं. हा कौल नाकारून चालणार नाही. फक्त कोणतं कार्ड चालेल, हे त्या मतपत्रिकेवर नव्हतं. ते विधिमंडळ नंतर ठरवणार होतं.

त्याच निवडणुकीत रिपब्लिकनांचं नकाराधिकार मोडण्याइतकं संख्याबळ गेलं. नवे सदस्य जानेवारीत येणार होते. म्हणून जुन्या सदस्यांचं अधिवेशन भरवून डिसेंबरातच कायदा उरकला गेला. खरं तर हा कायदा आधीच्यापेक्षा बराच मवाळ होता: निवडणूक मंडळानं मान्य केलेली विद्यार्थ्यांची कार्डं चालणार, कौंटीच्या निवडणूक कार्यालयात फुकट कार्ड मिळणार, खरी अडचण असेल तर अर्ज भरून मत देता येणार. एक डेमोक्रॅट सिनेटर, जोएल फोर्ड, तो मांडणाऱ्यांत होते. आधीची न्यायालयीन लढाई झाली नसती, तर या सवलती आल्या असत्या असं आम्हाला वाटत नाही.

कूपर यांनी नकाराधिकार वापरला. 19 डिसेंबर 2018 रोजी तो 72 विरुद्ध 40 मतांनी मोडला गेला. त्याच महिन्यात रोझानेल ईटन वारल्या. वय 97.

पुढचं पटकन सांगतो. खटले पुन्हा सुरू झाले, कायदा पुन्हा अडकला. डिसेंबर 2022 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 4 विरुद्ध 3 मतांनी तो अवैध ठरवला. इथले न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात, आणि महिन्यापूर्वीच्या निवडणुकीत न्यायालयातलं बहुमत बदललेलं होतं. जानेवारीत नवे न्यायाधीश बसले. खटला पुन्हा ऐकायचं ठरलं. 28 एप्रिल 2023 रोजी त्याच न्यायालयानं, त्याच कायद्यावर, त्याच पुराव्यांवर 5 विरुद्ध 2 मतांनी उलट निकाल दिला. बहुमताचं निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश फिल बर्गर ज्युनियर. ज्या सिनेटनं हा कायदा केला, तिचे तेव्हाचे नेते फिल बर्गर हे त्यांचे वडील.

पाच महिन्यांत कायदा बदलला नव्हता. खुर्च्यांवरची माणसं बदलली होती.

(पडद्यावर: राज्यघटनेचं पुस्तक. पानं उलटणारा हात.)

एक माणूस राहिला. हेन्री फ्राय. 1956 साली, आपल्या लग्नाच्या दिवशी सकाळी, थोडा वेळ आहे म्हणून ते एलर्बी गावात मतदार नोंदणीला गेले. पदवीधर, हवाई दलात अधिकारी राहिलेले. अंमलदारानं त्यांना साक्षरतेच्या परीक्षेत नापास केलं. 1968 मध्ये तेच फ्राय विधिमंडळात निवडून आले, विसाव्या शतकात तिथं पोहोचलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. आल्या आल्या त्यांनी साक्षरतेची अट घटनेतून काढायची दुरुस्ती मांडली आणि मंजूर करून घेतली. 1970 मध्ये ती लोकांपुढे गेली. लोकांनी ती फेटाळली. 1999 साली फ्राय याच राज्याचे सरन्यायाधीश झाले, तेव्हाही ते वाक्य घटनेत होतं.

केंद्राच्या कायद्यापुढे ते केव्हाच निष्प्रभ झालं आहे. पण 2018 ची दुरुस्ती छापायची वेळ आली तेव्हा ती कुठे बसवायची हा प्रश्न नव्हता. सहावं प्रकरण, मताधिकार. कलम 2 मध्ये फोटो ओळखपत्र. दोन कलमं खाली, कलम 4 मध्ये: नोंदणीला येणाऱ्या प्रत्येकाला घटनेचा कोणताही भाग इंग्रजीत वाचता आणि लिहिता आला पाहिजे.

(पानावर कॅमेरा स्थिर. खेचराच्या गाडीच्या चाकांचा आवाज पुन्हा, हळूहळू विरत जातो.)