माठातला हात

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्याचे दिवस आहेत, वावरात निंदण-डवरणीची घाई आहे, म्हणून फार पसारा न मांडता आपल्या घरच्या माठाबद्दल आणि त्यात बुडणाऱ्या हाताबद्दल बोलते.

मी आरोग्यसेविका होते तेव्हाची गोष्ट. एका पावसाळ्यात एकाच घरची दोन लेकरं हगवणीनं आजारी पडली. विहिरीत ब्लिचिंग पावडर पडत होती, पाणी तपासून आलं होतं, त्यात दोष नव्हता. लेकरांची आजी म्हणाली, "ताई, पानी तं चांगलं हाये, मंग पोट्ट्यायले हगवण कायनं लागली?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तेवढ्यात मोठा पोरगा अंगणातून पळत आला, पेला उचलला आणि थेट माठात बुडवला. नखांत काळी माती, बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पाण्यात. मला काही सांगावं लागलं नाही. आजीनंही ते पाहिलं होतं.

विहिरीपासून जपून आणलेलं पाणी असं घरात येऊन नासतं. लांब दांड्याचा डोया वापरा आणि तो खिळ्याला टांगून ठेवा. तोटीचा माठ मिळाला तर फारच चांगलं. जुन्या पाण्यात नवं ओतू नका. माठ रोज रिकामा करून घासा.

आता हात. आपण जेवल्यावर साबण लावतो, कारण हात तेलकट लागतात. जेवणाआधी मात्र नुसते पाण्याखालून काढतो, कारण तेव्हा ते स्वच्छ दिसतात. सगळा घोळ या दिसण्यातच आहे. 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. जंतूंमुळे आजार होतात, हे तेव्हा सिद्धही झालेलं नव्हतं!

साबणानं मळ आणि तेलकटपणा कातडीपासून सुटतो, त्याबरोबर जंतूही वाहून जातात. पाणी गरमच हवं असं नाही, पण 20 सेकंद चोळावं लागतं : बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं. संडासाहून आल्यावर, गोठ्यातून आल्यावर, कणीक भिजवण्याआधी, लेकराला भरवण्याआधी. आणि बायांनो, तान्ह्या बाळाची शी धुतल्यावरही. तिच्यानं काही होत नाही असं पुष्कळजणी समजतात. ते खरं नाही, तिच्यातही जंतू असतात.

एवढं करून ओले हात पदराला किंवा दिवसभर खांद्यावर असलेल्या दुपट्ट्याला पुसू नका. वाऱ्यावर सुकू द्या. घरात कोणाचे डोळे आले असतील तर त्याचा दुपट्टा वेगळा ठेवा.

लेकराला हगवण लागलीच तर आशाताईकडून ओआरएसचं पाकीट आणा, 1 लिटर पाण्याचं असेल तर ते पूर्ण 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा आणि घोट-घोट पाजत राहा. अंगावरचं दूध बंद करू नका. लेकरू मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

संडासाजवळ नळ नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठी एक जुनी प्लास्टिकची कॅन घ्या, बुडाशी तापल्या खिळ्यानं भोक पाडा, त्यात काडी खोचा आणि ती दाराजवळ टांगा. काडी काढली की धार लागते. साबण जाळीच्या पिशवीत घालून तिथंच बांधा, म्हणजे कावळा नेणार नाही.