मातीतली जर्सी

[दृश्य: पहाट. शाळेमागचं मैदान. फक्कीच्या पांढऱ्या रेषा. पलीकडे पऱ्हाटीचं शेत.]

यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. जानेवारीची सकाळ. रात्री पाणी मारून, रोलर फिरवून माती बसवली आहे. आज गावात कबड्डीचे खुले सामने आहेत.

झाडाखाली एक पिशवी उघडली जाते आणि बारा जर्स्या बाहेर पडतात. सात मैदानात उतरणाऱ्यांच्या, पाच राखीव खेळाडूंच्या. रंग गुलाबी. खांद्यावरून काळ्या विजा उतरलेल्या, पाठीवर नाव, नावाखाली नंबर. पोरं जर्सी अंगात घालतात आणि आधी मोबाइल काढतात. फोटो होतो, स्टेटसला लागतो. सराव मग.

गुलाबी रंग या मैदानावर आला तो टीव्हीवरून. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि पहिलंच विजेतेपद जयपूर पिंक पँथर्सनं नेलं. चढाई करणारा गडी गुलाबी कपड्यात, दिव्यांच्या झगमगाटात, मॅटवर. गावागावांतल्या पोरांनी तो पाहिला आणि त्या रंगाची लाज गेली. क्रिकेटमध्ये हे आधीच घडलं होतं. १९९२च्या विश्वचषकात पहिल्यांदा रंगीत कपडे आले, पाठीवर नावं आली. खेळाडू लांबून ओळखू यायला लागला, आणि त्याच्यासारखा शर्ट आपल्यालाही हवा असं वाटायला लागलं.

या वाटण्यावर मोठा धंदा उभा आहे. १९८५ साली मायकेल जॉर्डनच्या बुटांच्या रंगावर अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगनं आक्षेप घेतला, तर नायकीनं त्या बंदीचीच जाहिरात केली. तरुण पोराला मनाई केली की त्याला तीच वस्तू हवी असते, हे त्यांनी बरोबर हेरलं. १९९१ साली तिथल्याच मिशिगन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात पहिल्या वर्षाची पाच पोरं आली. ढगळ, लांब चड्ड्या आणि काळे मोजे घालून ती खेळली, आणि तसाच पेहराव रस्त्यावर दिसू लागला. २०१८च्या फुटबॉल विश्वचषकाआधी नायजेरियाच्या जर्सीला तीस लाखांची आगाऊ मागणी आल्याचं तिथल्या महासंघानं सांगितलं. स्पर्धेतला एकही सामना तोवर झाला नव्हता.

[दृश्य: तालुक्याच्या गावातलं छपाईचं दुकान. हीट प्रेसचं झाकण वर जातं.]

तीच लाट इथं व्हॉट्सअॅपवरून पोहोचते. कुठल्या तरी विदेशी क्लबच्या जर्सीचा फोटो येतो, खाली निरोप: "भाऊ, अशीच पायजे. मागचं नाव मोठं टाकजा, फोटोत दिसलं पायजे." दुकानदार कॉम्प्युटरवर डिझाइन बसवतो, कागदावर छापतो. कागदावरचा रंग मळका, उदास दिसतो. मग कागद कापडावर पालथा ठेवून सुमारे दोनशे अंशांवर दाबला जातो. शाईची वाफ होते, ती धाग्यात शिरते. कागद सोलून काढला की खाली गुलाबी रंग झळाळून उठतो. कितीदाही पाहिलं तरी या क्षणी नजर हटत नाही.

ही छपाई सुती कापडावर मात्र धरत नाही. तिला पॉलिस्टर लागतं. मैदानाच्या धुऱ्यापलीकडे बोंडं फुटली आहेत, पोरांच्या आया सकाळपासून वेचणीला गेल्या आहेत, आणि पोरांच्या अंगावर कापसाचा एक धागा नाही. मला हे खुपतं. कपडा वाईट आहे असं मी म्हणत नाही. जाळीचं, चांगल्या विणीचं पॉलिस्टर घाम लवकर उडवतं. पण स्वस्तातलं दाट कापड एप्रिलच्या उन्हात अंगाला चिकटतं आणि पोरं कासावीस होतात.

शिवाय हा पेहराव मॅटवरच्या खेळासाठी आखलेला. मातीत घसरलं की विणीचे धागे ओढले जातात, गुडघे सोलतात. आता ओव्हरसाइजची फॅशन आहे म्हणून काही संघ दोन नंबर मोठी जर्सी मागवतात. पकडीत बोटं त्या सैल कापडात अडकतात, नखं उलटतात. गावातले जुने खेळाडू ओरडून सांगतात, अंगाबरोबर घाला रे. त्यांचं ऐकायला हवं.

[दृश्य: मुलींचा संघ. काळ्या टाइट्सवर गुडघ्यापर्यंतची चड्डी.]

मुलींनी मात्र या फॅशनमधून आपल्या कामाचं तेवढं उचललं. टीव्हीवरचे खेळाडू चड्डीखाली टाइट्स घालतात, म्हणून यांनीही मागवल्या. गुडघे वाचले, आणि घरातला वादही मिटला. दहावीतली एक चढाईपटू सांगते, "आधी बाबा म्हणे, असे कपडे घालून खेळू नको. आता काही म्हणत नाही. टीव्हीवर सारेच घालते ना." २०२१ साली नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघानं बिकिनीऐवजी चड्डी घातली म्हणून त्यांना पंधराशे युरोंचा दंड झाला होता. जगभर ओरड झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला. अंगावर काय असावं हे खेळणारीनं ठरवायचं, यासाठी तिकडेही भांडावंच लागलं.

[दृश्य: रात्र. घराची पुढची खोली.]

मुलींचा संघ उपांत्य फेरीत पोहोचला आहे. सामना उद्या सकाळी, आणि जर्सी एकच. दहावीतल्या त्या चढाईपटूनं ती धुऊन, पिळून खोलीतल्या तारेवर टाकली आहे. खाली भाव चढेल म्हणून ठेवलेला कापूस, छातीपर्यंत ढीग. जर्सीतून पाणी ठिबकतं तशी आई उठते, कापूस भिजू नये म्हणून खाली परात सरकवते, आणि दिवा मालवते.