औशाकडचे इतिहासाचे सर

(दृश्य : वेशीतलं मारुतीचं देऊळ. मागच्या अंगाला जमिनीत रुतलेला उभा दगड. सर बादली घेऊन येतात.)

आधी पाणी. साधं, आडाचं. दगडावर बसलेली माती काथ्यानं घासायची नाही, मऊ कुंचल्यानं हळूहळू सोडवायची. वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य उघडे पडले की समजायचं, हा दानाचा लेख आहे. चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालावं म्हणून ते कोरत. खाली कोणी, कोणाला, काय दिलं याच्या ओळी. या दगडाच्या शेवटच्या ओळी ऑइलपेंटखाली गेल्या आहेत. गावानं भक्तीनं रंगवला, त्याला कोण काय म्हणणार?

(दृश्य : ओला कागद दगडावर चढवताना. हातांचा क्लोजअप.)

आता कागद. भिजवलेला, पण लगदा न झालेला. वरून खाली सोडायचा, मग दाट केसांच्या ब्रशनं ठोकायचा. ठोकताना मधली हवा निघाली पाहिजे आणि कागद अक्षरांच्या खाचेत बसला पाहिजे. जोर जास्त झाला तर फाटतो, कमी झाला तर अक्षर उठत नाही. वारा सुटला तर सगळं परत पहिल्यापासून. कागद अर्धवट सुकला की कापडाच्या पुरचुंडीनं काळी शाई टिपत जायची. वरचा भाग काळा होतो, खाचेतली अक्षरं पांढरी राहतात.

बघायला जमलेल्यांपैकी एक आजोबा विचारतात, "सर, दगडाला शाई का लावलालाव?"

"तुमच्या गावाचं नाव सापडतंय का बगलालो, दादा."

(दृश्य : कागद सुटून येतो. पांढऱ्या अक्षरांवरून कॅमेरा सावकाश फिरतो. निवेदन थांबेल.)

याला ठसा घेणं म्हणतात. देशातले असे लेख वाचण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची एक शाखा म्हैसूरला आहे, अरबी-फारसीसाठी वेगळी नागपूरला. मराठवाड्याला दोन्ही लागतात. यादवांचा सेनापती खोलेश्वर याचे लेख अंबाजोगाईत, आणि लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या किल्ल्यात शिरलं की फारसी सुरू होते.

(दृश्य : सरांच्या घरातली भिंत. चौकटीतली प्रमाणपत्रं.)

ही भिंत नीट बघा. एम.ए.च्या प्रमाणपत्रावर 'मराठवाडा विद्यापीठ' आहे. सर औरंगाबादला शिकत होते तेव्हा नामांतराचं आंदोलन पेटलेलं होतं. पीएच.डी.च्या प्रमाणपत्रावर 'स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड'. मधलं घडलं ते सगळं एकाच वर्षात. 14 जानेवारी 1994 ला औरंगाबादच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं, आणि 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडचं विद्यापीठ सुरू झालं. लातूर जिल्हा तिकडे गेला. म्हणजे जून 1993 ला कॉलेजात रुजू झालेल्या माणसाचं विद्यापीठ सव्वा वर्षात बदललं. खुर्ची मात्र तीच, पंखाही तोच.



(दृश्य : रंग उडालेला फोटो. ढिगाऱ्यासमोर उभी असलेली कॉलेजची मुलं.)

रुजू होऊन चार महिने झाले नव्हते. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून लोक झोपलेले. 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं. जवळपास 8,000 माणसं गेली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना घेऊन सर तिथं पोचले ते ढिगारे उपसायला, इतिहास शोधायला नव्हे.

इतिहास नंतर दिसला. गावं दुसरीकडे नव्यानं वसली. जुन्या गावठाणात पडक्या गढ्या राहिल्या, वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे दगड राहिले, पांढऱ्या मातीत दबलेली दप्तरं राहिली. ट्रॅक्टर आणि जेसीबी यायच्या आत ते टिपून घ्यायला पाहिजे, हे त्या भागात फार थोड्यांना सुचलं. सरांना सुचलं.

(दृश्य : दप्तराचे रुमाल सोडताना. मोडी कागद, मग उर्दू कागद.)

इथं एक अडचण होती, आणि ती आमच्या प्रत्येक जिल्ह्यात आहे. घरगुती कागद मोडीत, सरकारी कागद उर्दूत, कारण 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. तारखा फसलीत, म्हणजे महसुली सालात. फसली सालात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1350 फसली हे 1940-41. मोडी सर एम.ए.ला शिकले होते. पदव्युत्तर पदवी घेतलेला हा माणूस उर्दूसाठी एका निवृत्त उर्दू मास्तरांकडे संध्याकाळी अलिफ-बे गिरवायला जायचा. सेतवार, खासरा असे जमिनीचे कागद, इनामाची सनद असं एकेक वाचता येऊ लागलं. पीएच.डी.चा विषय त्यातूनच निघाला.

(दृश्य : सरांच्या कपाटातली 'वरिष्ठ श्रेणी' लिहिलेली जाड फाइल.)

नोकरीचा कागदोपत्री भाग थोडक्यात. 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट, म्हणजे पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या, प्राध्यापकांचा प्रश्न वर्षानुवर्षे कोर्ट आणि मंत्रालय यांच्यात फिरला. सर त्यांच्यातलेच. बढतीच्या पायऱ्या लांबल्या : वरिष्ठ श्रेणी उशिरा, निवड श्रेणी त्याहून उशिरा. मधेच 2010 ला बढतीसाठी यूजीसीचे एपीआय, म्हणजे कामगिरीचे, गुण आले. हॉटेलातल्या चर्चासत्रात निबंध वाचला तर गुण होते. वेशीतल्या दगडाचा ठसा घेतला, तर त्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. सरांनी चर्चासत्रंही केली, आयएसएसएन असलेल्या मासिकांत लेखही दिले. पण रविवार मोडला नाही.

(दृश्य : तहसील कार्यालय. टेबलाभोवती गर्दी, मध्ये सर भिंग घेऊन.)

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि एकदम मोडी वाचणारा कोण, उर्दू वाचणारा कोण, अशी धावपळ सुरू झाली. सरांचा फोन वाजायचा थांबेना. पोरं ज्याला 'बिनकामाचा विषय' म्हणायची, त्याच्यापुढे रांग लागली होती. आरक्षणावर सर कॅमेऱ्यापुढे एक शब्द बोलले नाहीत. अक्षर लागलं तर लागलं म्हणायचे, नाही लागलं तर नाही.

(दृश्य : वर्गात शेवटचा तास. फळ्यावर खोडलेली तारीख.)

साठाव्या वर्षी सर निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही. त्यांचे तास आता दोघांत वाटले आहेत, दोघंही तासिका तत्त्वावर.

(दृश्य : पत्र्याची पेटी, गुंडाळलेले ठसे. दोन मुली नोंदवही घेऊन बसलेल्या.)

ठसे ठेवायला कॉलेजात कपाट नव्हतं, म्हणून पेटी घरी आली. ठसा कुठला, दगड आज कुठं आहे, मालक कोण, अशी नोंद दर रविवारी चालते. यातले काही दगड आता जागेवर नाहीत. एक तर रस्त्याच्या पुलाखाली गेला, त्याचा फक्त हा कागद उरला आहे. नोंदवही निम्म्यावर आली आहे. पुढच्या रविवारी खरोशाकडं जायचं ठरलंय, पाऊस नसेल तर.